बिनमाणसाचं विमान

मळमड्डी, धारवाड
१७ ऑगस्ट २००३

चि. वरद,

तुझं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. मी बरा आहे, थंडी आहे, जेवण बरं आहे, काळजी नसावी. शेजारच्या घरी निरोप पाठवतानासुद्धा माणूस याहून जास्त बोलतो. लष्करात पत्रं उघडून वाचतात म्हणे, म्हणून तू हात आखडतोस, हे मला कळतं. वाचणारे कोण साहेब असतील त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आईला लिहिताना मुलाला थोडी सूट द्या.

परवा समोरच्या अंबूताई आल्या होत्या. त्यांच्या भाचीसाठी तू त्यांच्या मनात आहेस, हे तू ओळखलं असशीलच.

"वरद विमान चालवतो ना हो?"

मी म्हटलं, "चालवतो. पण तो विमानात नसतो."

"मग कुठं असतो?"

"खाली. एका खोलीत, खुर्चीवर."

"आणि विमानात कोण असतं?"

"कोणी नाही."

अंबूताईंनी कप खाली ठेवला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "शकुंतला, मुलाला नोकरी नाही असं सरळ सांगितलंस तरी मी कुठं बोलणार नाही हो."

मी हसले, आणि आतून ह्यांचंही हसू ऐकू आलं. पेपर तोंडासमोर धरला की आपण दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशी तुझ्या अप्पांची समजूत आहे. मग मला अंबूताईंना सगळं समजावून सांगावं लागलं. डोंगर इतके उंच, तिथली हवा इतकी विरळ, की माणूस बसवून रोज विमान पाठवायचं म्हणजे रोज एक जीव पणाला लावायचा. म्हणून हे रिकामं विमान. दिवसभर वर घिरट्या घालतं आणि पोटाखालच्या कॅमेऱ्यातून सरहद्द बघतं. मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे मला ते पटकन समजलं. अंबूताईंना समजलं असं वाटत नाही. "असू दे, इरली बिडु," म्हणत त्या उठल्या.

ह्यांचं मत तुला ठाऊक आहे. वकिली शिकता शिकता मधेच उठून फौजेत गेलास, त्यांच्या ऑफिसच्या पाटीवर तुझ्या नावासाठी सोडलेली जागा रिकामीच राहिली, हे त्यांच्या घशातून अजून उतरत नाही. फोन वाजला की पहिले तेच उठतात. तुझा आवाज ऐकला की, "थांब, ती आहे," म्हणतात आणि माझ्या हातात देतात. मग माझ्याशेजारी उभे राहून, "थंडीचं विचार. खोकल्याचं विचार." बोलायचं नाही आणि विचारायचं मात्र सगळं! मी तुम्हा दोघांच्या मधली टपालपेटी झाले आहे.

जपून राहा. पुढचं पत्र थोडं लांब लिही.

तुझी आई


मळमड्डी, धारवाड
१६ जानेवारी २००४

चि. वरद,

तिळगूळ पाठवते आहे. पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला तर चमच्याने खा, पण खा.

सोबत एक स्वेटर आहे. ह्यांनी स्वतःसाठी हुबळीहून आणला. घरी आल्यावर लक्षात आलं म्हणे, की खांद्यात फार मोठा आहे आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. दुकानदार परत घेईना. आता कोणाला तरी द्यायला हवा, तर तू घाल. मी तो तिळगुळाच्या डब्याभोवती गुंडाळला. उंच माणसाचा स्वेटर चुकून घेणारा वकील धारवाडात एकच असेल.

रोज सकाळी पेपरात ते आधी हवामान बघतात. काश्मीरच्या बाजूला बर्फ पडलं की पेपराची घडी जोरात होते. लडाखचा एक मोठा नकाशा माझ्याकडे शाळेपासून होता. तो परवा कपाटात सापडेना. शेवटी ह्यांच्या टेबलावर काचेखाली मिळाला. तिथं समोच्च रेषा इतक्या दाट आहेत की कागद काळा झालाय. एवढ्या उभ्या चढावर माणसं कशी राहतात, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "काहीजण हट्टाने राहतात."

तुझा परशुराम आपल्या कित्तूरकडचाच निघाला, हे वाचून बरं वाटलं. वायरलेसच्या खोलीत दोघं कन्नडात बोलता, मग बाकीचे चिडत नाहीत का? त्याच्या घरच्यांना काही लागलं तर आमचं दार उघडं आहे, हे त्याला सांग.

आशीर्वाद.

आई


मळमड्डी, धारवाड
२१ मार्च २००४

वरद,

हे पत्र टपालात टाकत नाही. सुट्टी संपवून तुमच्याकडे निघालेला बेळगावचा जवान उद्या येणार आहे, त्याच्या हाती देईन. म्हणून मोकळं लिहिते.

सुट्टीवर घरी आलेला तू ताटावरून उठून गेलास, त्याच संध्याकाळी बॅग भरलीस, आणि स्टेशनवर माझ्याशी फक्त गाडीच्या वेळेबद्दल बोललास. मला राग नाही. पण ज्या दुपारी तू स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास, ती दुपार माझ्या मनातून जात नाही. तू सांगितलंस ते मला नीट समजलं का, ते बघ. मुलांकडून धडा परत म्हणवून घ्यायची माझी सवय आहे. आता मीच म्हणते.

मी भाकरी थापत होते. तू ओट्याला टेकून उभा होतास. म्हणालास, "आई, आमच्या रात्रीच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर हा तवा पांढराशुभ्र दिसेल."

"हा काळाकुट्ट तवा?"

"गरम ते पांढरं, थंड ते काळं. तुझे हात पांढरे, भाकरी पांढरी. ते दह्याचं भांडं काळं." मग थोडं थांबून म्हणालास, "माणूस पांढरा दिसतो. जिवंत असेपर्यंत."

माझी भाकरी तव्यावर करपली, तरी मी हलले नाही.

मग तू सांगितलंस: चौकीवर रॉकेल पोचवायला निघालेले तीन हमाल. वरून बर्फ घसरलं, वाट पुसली गेली, आणि ते एका खडकाच्या आडोशाला अडकले. तुमचं विमान परतीच्या वाटेवर होतं. तुला पडद्यावर तीन पांढरे दाणे दिसले. तू कळवलंस. चौकीतून माणसं चालत निघाली, पण त्या पांढऱ्या रानात खडक कुठला आणि कुठला नाही, हे त्यांना कळेना. तू वरून सांगत होतास, डावीकडे या, आणखी वर या. तेवढ्यात ढग आले आणि विमानाच्या पंखांवर बर्फ धरायला लागलं. वरच्या साहेबांचा निरोप आला, विमान परत आणा. तू नाही आणलंस.

चौकीची माणसं पोचेपर्यंत तिघांतला एक दाणा राखाडी झाला होता, मग खडकासारखाच काळा. दोघं वाचले. विमानाला तोवर इतकं बर्फ चिकटलं होतं की पुढची डोंगरधार ओलांडण्याइतकी उंची त्याला घेता आली नाही.

मी म्हटलं, "आत कोणी नव्हतं, एवढं तरी बरं."

तू म्हणालास, "म्हणूनच पडू दिलं."

मग तू एक वाक्य बोललास. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. "खाली माणूस विझत होता, आई, आणि मी गरम खोलीत खुर्चीवर बसून नुसता बघत होतो." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तर तू म्हणालास, "पीठ लागेल." मी हात काढला. काढायला नको होता.

आता जेवणाचं. चौकशी बसणार आहे, हे तू मला सांगितलंस, मी ह्यांना सांगितलं. त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ताटावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला विचार, परत आणायचा निरोप त्याला स्वच्छ ऐकू आला होता का?"

तू माझ्याकडे बघून म्हणालास, "अप्पांना सांग, स्वच्छ ऐकू आला होता. दोनदा."

"त्याला विचार, हे तो आजवर कोणापुढे बोललाय का?"

"नाही."

"मग ऐकू आलेला नाही. तिकडे वारं होतं, वादळ होतं. निरोप तुटक आला. त्याने तेवढंच म्हणावं, पुढचं म्हणायचं काही कारण नाही."

"वायरलेसवर परशुराम होता. त्याने निरोप घेतला, मला सांगितला. निरोप पोचला नाही असं मी म्हटलं तर तो दोषी ठरतो."

"ते त्या परशुरामानं बघावं."

मी वाढत होते. कोणाला काय वाढलं, ते आठवत नाही. तू उठलास. तुझ्या ताटात भात तसाच होता.

तुझे अप्पा वाईट नाहीत रे. आज्ञा मोडली असं तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस तर नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते भ्याले आहेत. भ्यालेला वकील फार हुशारीने बोलतो. तू गेल्यापासून ते जेवायला बसतात आणि तुझ्या खुर्चीकडे बघत नाहीत.

माझं मत तू विचारलं नाहीस. विचारलंस तर सांगेन.

आई


मळमड्डी, धारवाड
२५ एप्रिल २००४

चि. वरद,

मुलगी झाली! परशुरामला आधी हे सांग, मग पुढचं वाच.

तू फोनवर म्हणाला होतास, की त्याची बायको भागीरथी अवघडलेली आहे, गावच्या डॉक्टरांनी धारवाडला न्या म्हटलंय, सोबतीला फक्त सासू आहे. मी म्हटलं, पाठवून दे. मंगळवारी दोघी आल्या. सासूबाईंनी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं आणलं होतं. "दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?" म्हणाल्या. भागीरथी अगदी लहान चणीची, हसरी. पोट सांभाळत घरभर फिरली आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहिली. "हेच ते साहेब? आमचे सांगत होते त्यावरून खूप मोठे असतील असं वाटलं होतं."

ह्यांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. एक बाई बाळंतपणाला येणार आहे, एवढंच. बुधवारी दुपारी ते कोर्टातून आले आणि त्याच वेळी तिला कळा सुरू झाल्या. सासूबाई घाबरून भिंतीला टेकल्या. मी पिशवी भरते तोवर हे तसेच काळ्या कोटात बाहेर पळाले आणि रिक्षा घेऊन आले. रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. तुझ्या जन्माच्या वेळी ते बेळगावला खटला चालवत होते, तार केली तेव्हा आले. आणि या बुधवारी एका परक्या बाईसाठी दवाखान्याच्या बाकावर अख्खी दुपार बसले. चहा आणून दिला तर हातातच गार केला.

संध्याकाळी नर्स बाहेर आली. "अज्जा कोण?" हे आजोबा होऊन उभे राहिले. कोणी काही म्हणायच्या आतच. नर्सने त्यांच्या हातात बाळ दिलं. मी बघत होते. पोरीने डोळे उघडले नव्हते, पण काळ्या कोटाचं बटण मुठीत धरलं होतं.

गुरुवारी आम्ही भागीरथीला बघायला गेलो. ती म्हणाली, "वकीलसाहेब, तिकडच्या बर्फाला मी फार भ्यायची. पण आमचे म्हणाले, वरद साहेब आहेत तोवर मला काळजी नाही. तसले साहेब नशिबाने मिळतात."

ह्यांनी विचारलं, "तुझा नवरा तिथं काय काम करतो, बाळ?"

"वायरलेस बघतात. नाव परशुराम."

ह्यांनी पोरीकडे एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मग आम्ही घरी आलो. चप्पल काढता काढता मला म्हणाले, "हिच्या बापाला मी बळी द्यायला निघालो होतो, शकुंतला. जेवता जेवता. वरणभात खाता खाता."

रात्रीचं जेवण टाळलं. सकाळी अंघोळ करून आले आणि कोर्टात बोलतात तसे सरळ उभे राहून म्हणाले, "ताटावर मी जे बोललो, ते विधान मी मागे घेतो. त्याला कळव."

मी म्हटलं, "तुम्हीच कळवा की."

"तू कळव," म्हणाले. पण मघाशी ते लिहायच्या टेबलाशी बसले होते, आणि माझी चाहूल लागताच कागद दौतीखाली सरकवला.

आता तू न विचारता माझं मत सांगते. खरं ते बोल. पुढे काय व्हायचं ते होईल. आपल्या घरात खोल्या पुरेशा आहेत.

आई


मळमड्डी, धारवाड
२४ मे २००४

चि. वरद,

आम्ही बरे आहोत. भागीरथी लेकीला घेऊन गावी गेली. पोर छान बाळसं धरते आहे.

तुझे अप्पा कोर्टाला सुट्टी असल्यामुळे जरा बेंगळूरला गेले आहेत. जुने स्नेही आहेत तिथे. सोबत माकडटोपी, दोन लोकरीची बनियनं, हातमोजे आणि तुझ्या आजोबांची ती घोंगडी नेली आहे. बेंगळूरला मे महिन्यात संध्याकाळी गार वारं सुटतं म्हणतात.

जाऊ दे. मला हे जमत नाही. हे पत्र तुला मिळेल तोवर ते तुझ्यासमोर उभे असतील, मग लपवून काय मिळवायचं?

लोंढ्याला जाऊन ते दिल्लीची गाडी धरणार होते. दिल्लीहून लेहला विमान. जन्मात पहिल्यांदा बसणार. निघताना मला म्हणाले, "या विमानात माणूस असतो ना, एवढं विचारून घेतलंय." विनोद करतात याचा अर्थ घाबरलेत.

मी विचारलं, "तुम्हाला चौकशीत आत घेणार नाहीत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग त्याला काय सांगणार जाऊन?"

"काही नाही. त्याला काय सांगायचं ते त्याला कळतं."

"मग जाताय कशाला एवढं लांब?"

ते घोंगडीची घडी घालत होते. घडी काही जमेना. म्हणाले, "अशील एकटं उभं राहता कामा नये. ज्यांचं कोणी नव्हतं त्यांच्यासाठीसुद्धा मी उभा राहिलोय. हा तर माझा आहे."

वरद, त्यांना आपला जिना चढतानाही हल्ली दम लागतो. पोचल्यावर दोन दिवस पडून राहायला सांग. ऐकणार नाहीत, तरी सांग. तू स्वतः सांग. मी आता मध्ये नाही.

आई


मळमड्डी, धारवाड
२० जून २००४

चि. वरद,

हे काल सुखरूप पोचले. नाक सोलवटलंय, ओठ फुटलेत, आणि अंगणात येताच अंबूताईंना हाक मारून म्हणाले, "विमान मी डोळ्यांनी बघितलंय. आत खरंच कोणी नाही!"

मग सबंध दिवस मला तिकडचं सांगत होते. त्यात वकिली किती आणि खरं किती, ते तू ठरव.

छावणीच्या फाटकावर शिपायाने विचारलं, "कोण आपण?" हे म्हणाले, "कॅप्टन वरद यांचा वकील." शिपाई म्हणाला, "इथं वकील चालत नाही." हे थोडे गोंधळले, मग म्हणाले, "मग बाप चालेल का?" तेव्हा तुला बोलावणं गेलं. तू आलास, वाकून नमस्कार केलास, आणि म्हणालास, "अप्पा, तुम्ही माझाच स्वेटर का घातलाय?" अरे, तो तुझ्या स्वेटरचाच जोड होता. हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. त्यांनी दोन घेतले होते!

चौकशी चालली त्या खोलीबाहेर ते उन्हात बाकावर बसून राहिले. शिपाई त्यांना चहा आणून देत आणि आपापल्या जमिनीची भांडणं सांगून सल्ला घेत. तू बाहेर आलास तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय बोललास?"

तू म्हणालास, "निरोप पोचला होता. परशुरामने लगेच दिला. न वळण्याचा निर्णय माझा. कारण खाली माणसं होती."

हे म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"चांगलं झालं. लांबवलं असतंस तर बिघडवलं असतंस."

आणि मग जे झालं ते ह्यांनी मला थांबत थांबत सांगितलं. तुम्ही दोघं त्या न वाचलेल्या हमालाच्या, लुंडुपच्या, घरी गेलात. वाचलेल्यांपैकी रिगझिन सोबत आला, कारण त्या म्हाताऱ्या आईला लडाखीशिवाय काही येत नाही. ह्यांनी मीठ आणि लोणी घातलेला चहा दोन वाट्या प्यायला. घरी मी साखर एक कण कमी घातली तर बोलून दाखवणारा माणूस!

म्हातारी वाट्या भरत राहिली. मग तिने रिगझिनला काहीतरी विचारलं. त्याने मान खाली घातली. त्याची आणि तिसऱ्याची शुद्ध तेव्हाच हरपली होती, त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. तुला कळेना, म्हणून त्याने हिंदीत सांगितलं, "ती विचारतेय, शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का? का तो एकटाच गेला?"

हे म्हणाले, "शकुंतला, मी आयुष्यभर साक्षी ऐकल्या. एखाद्या प्रश्नाला आपला पोरगा काय उत्तर देईल याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती."

तू म्हणालास, "मी होतो. वर. मी बघत होतो. तो होता तोवर नजर काढली नाही, आणि तो गेल्यावरही नाही काढली. म्हणून विमान परत नेलं नाही."

रिगझिनने ते कसं सांगितलं असेल कोण जाणे. रिकाम्या विमानातून, दूरच्या खोलीतून कोणी कसं जवळ असतं, हे आमच्या अंबूताईंना अजून समजलेलं नाही. पण तिला समजलं. ती उठली, तुझ्यासमोर बसली आणि दोन्ही तळवे तुझ्या डोळ्यांवर ठेवले. बराच वेळ तशीच बसली. आणि तू रडलास.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी बाहेर गेलो. जर्दाळूची झाडं होती. ती बघत उभा राहिलो," हे म्हणाले. "मग परत आत गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या पाठीवर हात ठेवला."

"काही म्हणाला का तो?"

"नाही. मीही हात काढला नाही."

वरद, मला त्या माउलीचा थोडा हेवा वाटला. खरं सांगते. तू माझ्या ओट्याशी उभा राहून तेच सांगत होतास, आणि 'मी नुसता बघत होतो' या तुझ्या वाक्याला मला उत्तर सुचलं नव्हतं. जिचा मुलगा गेला तिनेच ते द्यावं लागलं. तिचा पत्ता मला पाठव. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही. तरी उन्हाळ्यात सांडगे-पापड पाठवले तर काय म्हणायचंय ते तिला कळेल.

आई


मळमड्डी, धारवाड
९ ऑक्टोबर २००४

चि. वरद,

चौकशीचा निकाल काल फोनवर तू सांगितलास, तो मला ह्यांच्याकडून कळला. आज्ञा मोडल्याबद्दल वरिष्ठांची नापसंती तुझ्या नोंदीत कायमची राहणार, बढती मागे पडणार, आणि विमानाच्या कामावरून काढून तुला खाली मैदानात नव्या मुलांना शिकवायला पाठवणार. परशुरामला काही नाही. फोन ठेवल्यावर हे हिशेब करणाऱ्या माणसासारखे बसून राहिले, आणि शेवटी म्हणाले, "सैन्यात आज्ञा मोडलेली चालत नाही, हे बरोबर आहे. त्याने मोडली, हेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलेला खटला मी पहिल्यांदाच बघितला."

तुला वाईट वाटत असेल. ते विमान तुला आवडायचं. मी ते कधी पाहिलं नाही, पण तू त्याच्याबद्दल बोलायचास तेव्हा तुझा आवाज बदलायचा. त्या नव्या मुलांना आधी काय शिकवणार आहेस? मला विचारशील तर सांगेन, पडद्यावरचा ठिपका म्हणजे कोणाचा तरी मुलगा असतो. आपल्या बाजूचा असो, पलीकडचा असो. हे पुस्तकात नसेल, तू शिकव.

अंबूताईंची भाची आता विचारायला लागली आहे. वरद साहेब दिवाळीला येणार का, असं तिने स्वतः येऊन विचारलं. नाव स्नेहा. आधी तिला वाटत होतं की तू बेकार आहेस. मी सगळी गोष्ट सांगितल्यावर ती जाताना म्हणाली, "ते आल्यावर सांगा." सांगू की नको, ते तू कळव.

यंदा दिवाळीला नक्की ये. आल्यावर मी तुला काही विचारणार नाही. ह्यांच्याकडे मात्र प्रश्न साठले आहेत. पंखांवर बर्फ कसं धरतं, कॅमेरा किती वरून बघतो, आणि लष्कराचा कायदा इतका विचित्र का आहे. आत्तापासून टेबलाशी बसून मुद्दे काढताहेत. तुम्ही दोघं बाहेर पायरीवर बसा, वाद घाला, आवाज चढवा, शेजारी येऊन बघू देत. मला मात्र मध्ये बोलावू नका.

मी आतून ऐकेन.

तुझी
आई